धक्का की हात? लोकल, बस आणि मेट्रोतल्या त्रासाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत ‘छेडछाड’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. एक विनंती. बोलताना तो वापरायचा तर वापरा, पोलीस ठाण्यात मात्र नको. तो इतका गुळगुळीत झाला आहे की समोरचा अंमलदार लगेच ‘जाऊ द्या’च्या सुरात येतो. जे घडलं तेच सांगा: ‘मागून कमरेला हात लावला’, ‘छाती दाबली’, ‘अंग घासलं’. कायद्यातला शब्द ‘विनयभंग’ आहे आणि तो लिहिणं त्यांचं काम.

मी रोज डोंबिवलीहून दादरला येते. गेल्या महिन्यात स्टेशनच्या पुलावर दोनदा मागून हात लागला. दोन्ही वेळा वाटलं, गर्दीच एवढी आहे. ओरडले आणि माणूस निरपराध निघाला तर? धक्का कोणता आणि हात कोणता, हे ओळखायचं कसं?
*— एक वाचक, वय २३*

गर्दीच्या धक्क्याला एक दिशा असते आणि ती सगळ्यांसाठी सारखीच असते. गाडीने ब्रेक लावला की अख्खा डबा पुढे झुकतो. पुलावर लोंढा वळला की सगळेच एका अंगाला दाबले जातात. असा धक्का खांद्याचा, कोपराचा नाहीतर सॅकचा असतो आणि लागला की सुटतो. मुद्दाम लावलेला हात गाडीच्या हालचालीशी जुळत नाही. गाडी सरळ धावत असताना किंवा पूल तुंबून कोणी जागचं हलत नसतानाही तो असतो. तो तळव्याचा किंवा बोटांचा असतो, आणि मुख्य म्हणजे तुम्ही सरकलात की मागोमाग येतो.

म्हणून अर्धं पाऊल सरका किंवा थोडं वळून बाजू बदला, आणि बॅग मध्ये आणा. निरपराध माणूस जिथे होता तिथेच राहतो, बहुतेकदा तोच ‘सॉरी’ म्हणून अंग चोरतो. हात नव्या जागी पुन्हा आला तर शंका संपली. याला दोन-तीन सेकंद पुरतात. हातावर टाकलेलं जॅकेट किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र यांच्या आडून हे चालतं, तिकडे नजर असू द्या. सॅक पोटाशी धरणाऱ्या प्रत्येकावर मात्र संशय नको. गर्दीत ती तशीच धरायची असते.

आता ओरडायचं काय, हे. ‘काय चाललंय?’ म्हटलं की आजूबाजूचे दहा जण दहा दिशांना बघतात आणि तोही त्यांच्यासारखाच इकडेतिकडे बघतो. प्रश्न विचारलात तर ‘मी काय केलं?’ हे उत्तर तयार असतं. त्यापेक्षा कपडा सांगा आणि हुकूम द्या: ‘ओ, निळा चौकटीचा शर्ट, हात काढा!’ कपडा सांगितला की सगळ्यांची नजर एकाच माणसावर जाते आणि गर्दीचा आडोसा निघून जातो. शिवी घालू नका. शिवी गेली की बघणाऱ्याला ते दोघांचं भांडण वाटतं आणि भांडणात कोणी पडत नाही.

निरपराध निघाला तर? ‘हात काढा’ हा आरोप नव्हे. तो दोन्ही हात वर करून दाखवील, क्षणभर ओशाळेल, विषय संपेल. त्या ओशाळण्यापायी तुम्ही महिनाभर गप्प राहावं, हा हिशोब आम्हाला पटत नाही.

जिन्याबद्दल थोडं वेगळं. चढताना मागच्या माणसाचा हात आपोआप तुमच्या कमरेच्या उंचीवर येतो, म्हणून सपाट पुलापेक्षा जिन्यावर हा प्रकार जास्त सोपा. पर्सचा पट्टा तिरपा अडकवून चढताना पर्स मागे घ्या, डब्याच्या दारात उभं राहताना पुढे. कठड्याच्या कडेने चढलात तर एक बाजू तरी झाकलेली राहते.

विरार-चर्चगेट फास्टमध्ये अंधेरी सुटल्यावर प्रकार घडला. घाबरून शेवटच्या स्थानकापर्यंत गेले. बाहेरच्या पोलीस ठाण्यात ‘हे रेल्वेचं’ म्हणाले, फलाटावरच्या जवानाने ‘आम्ही लिहून घेत नाही’ म्हटलं. शेवटी घरी आले. जायचं नेमकं कुठे?
*— एक वाचक, नालासोपारा*

फलाटावर खाकीतले दोन वेगळे विभाग असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं. ते माणसाला पकडू शकतात, ताब्यात ठेवून पुढे सोपवू शकतात, पण विनयभंगाचा गुन्हा नोंदवून तपास करणं त्यांच्याकडे नाही. तो अधिकार लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे जीआरपीचा. ते राज्याचे पोलीस. त्यांचं ठाणं प्रत्येक स्थानकात नसतं. पश्चिमेला चर्चगेट, मुंबई सेंट्रल, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, वसई रोड. मध्य मार्गावर सीएसएमटी, दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण. हार्बरला वडाळा, वाशी, पनवेल अशी ती आहेत. फलाट, रेल्वेचा पूल आणि गाडी हा त्यांचा भाग. स्कायवॉक, रिक्षा स्टँड, बसथांबा शहर पोलिसांचा. मेट्रोसाठीही शहर पोलीस.

हे माहीत असलेलं बरं, पण हे पाठ नाही म्हणून परत फिरायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने खबर नोंदवायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. ‘झिरो एफआयआर घ्या आणि वर्ग करा’ हे वाक्य तसंच्या तसं म्हणा. खबर ऑनलाइन पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

‘महिला अधिकारी नाहीत, उद्या या’ हे पुढचं उत्तर. विनयभंगाची खबर महिलेनेच लिहून घ्यायची असते हे खरं, पण तिला बोलावून घेणं ही जबाबदारी ठाण्याची आहे, तुमची नाही.

आणि हातात कागद पडला की घरी जाण्यापूर्वी त्याचं डोकं वाचा. वर ‘अदखलपात्र’ लिहिलं असेल तर ती एनसी आहे. एनसीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तुम्हाला हवी आहे ‘प्रथम खबर’, म्हणजेच एफआयआर. तिच्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलम असतं. अंगाला हात लावला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७४: एक ते पाच वर्षं कैद आणि दंड. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्याची एनसी होऊच शकत नाही. नुसतं अश्लील बोलणं, खुणा असतील तर ७५ किंवा ७९, पाठलाग असेल तर ७८. हीही दखलपात्रच आहेत. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुन्या दंड संहितेची ३५४, ५०९ ही कलमं लागतात. प्रथम खबरीची प्रत तिथल्या तिथे आणि फुकट मिळते.

नोंदवलीच नाही तर मुंबईत पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. कलम ७४ ची खबर न घेणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते (न्याय संहिता, कलम १९९). हे शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा पेन बाहेर येतं.

धावत्या गाडीतून फोन करायचा तर १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा, १३९ रेल्वेचा. बस, मेट्रो, रस्त्यासाठी ११२ किंवा मुंबईत महिलांसाठी १०३. बोलायला हातात एक-दोन मिनिटंच असतात, म्हणून घटना सांगत बसू नका, जागा सांगा: ‘विरार-चर्चगेट फास्ट, अंधेरी सोडली, चर्चगेटकडून चौथा डबा, जनरल, निळा चौकटीचा शर्ट, वांद्र्याला पोलीस पाठवा.’ डबा नेहमी चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या टोकाकडून मोजून सांगा. ‘पुढून’, ‘मागून’ याचा अर्थ गाडीच्या दिशेबरोबर बदलतो.

तक्रार दिली, पण दीड महिन्याने कळलं की सीसीटीव्हीचं चित्रण उरलेलं नाही. मी काय करायला हवं होतं?
*— एक वाचक, ठाणे*

कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. म्हणून जबाबात ‘संध्याकाळच्या सुमारास’ असं आलं की ते पुराव्याच्या मुळावर येतं. तपास अधिकाऱ्याला पाच-सहा तासांचं चित्रण बघावं लागतं आणि तोवर दिवस जातात. मिनिट सांगा. आठवत नसेल तर फोनमध्ये सापडतं: मोबाइल तिकिटाची वेळ, तिकिटाचं यूपीआय पेमेंट, ‘उतरले’ म्हणून घरी पाठवलेला मेसेज, मेट्रोचं तिकीट फाटकाला लावलं ती वेळ. बसचं कागदी तिकीट फेकू नका.

जागाही तितकीच नेमकी हवी. दादरचंच बघा. डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग मोजतात, पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ पासून पुढे. रोजचे प्रवासी अजून जुने आकडे बोलतात. म्हणून आकड्याबरोबर मार्ग सांगा, आणि ‘तिकीट खिडकीच्या बाजूच्या जिन्याची वरून तिसरी-चौथी पायरी’ इथपर्यंत या.

त्याच दिवशी एक साधा अर्ज लिहा: अमुक तारीख, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, अमुक पूल, अमुक फलाट, चित्रण जपून ठेवावं. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का घ्या. पुढे चित्रण ‘उपलब्ध नाही’ म्हणाले तर हाच शिक्का बोलतो.

स्वतःच्या फोनवर चित्रीकरण केलं असेल तर मूळ फाइल हलवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली की ती दाबली जाते आणि तिच्यातली वेळेची माहिती उडते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन लागेल. आणि त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा मोह आवरा. माणूस नंतर सापडला तर ओळख परेड होते. फोटो आधीच गावभर झाला असेल तर त्याचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि परेडचं वजन जातं. याच कारणासाठी परेडपूर्वी ठाण्यात कोणी ‘हाच का?’ म्हणून आरोपी दाखवू लागला तर नाही म्हणा. जागेवरच पकडलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे परेडची गरज नसते.

कपड्यांवर काही लागलं असेल तर धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो.

बसमध्ये कडेच्या सीटवर बसले की उभा माणूस खांद्याला खेटून उभा राहतो. उठून जाते, पण रोज का उठायचं?
*— एक वाचक, सायन*

उठू नका. बाहेरच्या बाजूचा कोपर सीटच्या कडेबाहेर काढा आणि पर्स खांद्यावर उभी धरा. चुकून खेटलेला लगेच मागे होतो. नाही झाला तर वर बघून, आवाज चढवून: ‘मागे व्हा, खांद्यावरून मागे व्हा.’ मग कंडक्टरला हाक. कंडक्टर लांब असेल किंवा बसमध्ये नसेलच, तर हाक थेट ड्रायव्हरला. बस थेट पोलीस ठाण्यावर नेण्याची पद्धत मुंबईत जुनी आहे, पण त्यासाठी ‘बस चौकीवर घ्या’ असं स्पष्ट म्हणावं लागतं. सहप्रवाशांचा वैताग होणारच. तेवढ्यात दोघींचे फोन नंबर घ्या, कारण बस रिकामी झाली की साक्षीदारही गेले.

मुलगी चौदा वर्षांची. क्लासला बसने जाते. एक माणूस तीन-चारदा तिला चुकीचा स्पर्श करून उतरला. तक्रार केली तर शाळेत कळेल, तिला कोर्टात त्याच्यासमोर उभं करतील, म्हणून तिचे बाबा नको म्हणतात.
*— एक आई, बोरिवली*

तिचं वय अठराच्या आत आहे, म्हणून इथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा लागतो आणि तुमच्या दोन्ही काळज्यांचं उत्तर त्यातच आहे. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तुम्ही शेजारी बसू शकता. रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते. नाव, पत्ता, शाळा छापता येत नाही. पोलिसांनी शाळेत जाऊन विचारपूस करण्याचंही कारण नाही, घटना बसमधली आहे.

‘कपड्यांवरून तर हात लागला’ असं कोणी म्हणालं तर सांगा, स्पर्श कपड्यांवरून झाला तरी तो लैंगिक हल्लाच, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिक्षा तीन ते पाच वर्षं, आणि इथल्यासारखं पुन्हा पुन्हा घडलं असेल तर पाच ते सात वर्षं.

तक्रारीआधी मुलीला एकदाच, शांतपणे विचारा आणि तिच्याच शब्दांत तारीख-वेळ लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. दर वेळी तपशील थोडा सरकतो आणि तिला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. तो तीन-चारदा भेटला आहे म्हणजे त्याची बस आणि वेळ ठरलेली आहे. पोलिसांना ही माहिती द्या, साध्या वेशातला माणूस त्या बसमध्ये बसवता येतो. तिचं क्लासला जाणं तेवढं बंद करू नका. ती शिक्षा तिला होते.

जनरल डब्यात एका मुलीला त्रास होताना दिसला. मध्ये पडलो असतो तर मारामारी झाली असती. पुरुषाने करायचं काय?
*— एक वाचक, मुलुंड*

मारामारी नकोच. चार जणांनी बडवला की डब्याला बरं वाटतं, पण पुढच्या स्थानकावर जखमी तो असतो आणि ती मुलगी त्या गोंधळात घरी निघून गेलेली असते.

दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहा. एवढंच पुष्कळदा पुरतं. बोलायचं ते त्याच्याशी नाही, तिच्याशी: ‘तुम्ही इकडे या, इथे जागा आहे.’ ती म्हणाली की तक्रार करायची आहे, तर दोघा-तिघांना घेऊन त्याला दारापाशी अडवा. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर सामान्य माणसालाही त्याला पकडून ठेवता येतं, मात्र सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. प्रत्यक्षात पुढच्या फलाटावर दोन-तीन मिनिटांत. ती नको म्हणाली तर तिच्या वतीने तुम्ही हट्ट करू नका. तुमचं नाव आणि नंबर मात्र तिला द्या. दोन दिवसांनी विचार बदलला तर तिला साक्षीदार हवा असेल.

सेफ्टी पिन चालते का? मिरपुडीचा स्प्रे?
*— एक वाचक, परळ*

पिन चालते, मुंबईतल्या बायकांच्या तीन पिढ्यांनी चालवली आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, त्याची हद्द म्हणजे हात सुटेपर्यंत. हात सुटल्यावर टोचलंत तर ते स्वसंरक्षण उरत नाही. स्प्रे भरलेल्या डब्यात, विशेषतः दारं बंद असलेल्या एसी लोकलमध्ये किंवा मेट्रोत, अजिबात नको. त्याच्यासकट तीस जणांचे डोळे झोंबतील, त्यात तुमचेही. तो स्टेशनबाहेरच्या मोकळ्या रस्त्यासाठी ठेवा.

गुन्हा नोंदवला आणि तो त्याच रात्री सुटला. मग उपयोग काय?
*— एक वाचक, कांदिवली*

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस अटकेऐवजी नोटीस देऊन सोडू शकतात. सुटला म्हणजे खटला मिटला नाही. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, नाही कळवलं तर लेखी विचारा. तोवर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तुमचा जबाब झाला का ते पाहा. पोलिसांनी जबाबासाठी ठाण्यात बोलावलं तर ‘घरी या’ म्हणायचा हक्क महिलेला आहे. आणि ‘आपसात मिटवून टाका’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, कलम ७४ चा गुन्हा तडजोडीने मिटत नाही.

रात्री अकराच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात माणूस शिरला. आम्ही दोघीच होतो. साखळी ओढायची का?
*— एक वाचक, कळवा*

आधी दारावरची पाटी. काही डबे ठरावीक वेळेपुरतेच महिलांचे असतात, त्या वेळेबाहेर ते सर्वांसाठी खुले. चोवीस तास राखीव डब्यात पुरुष शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६२ चा गुन्हा आहे. दंड पाचशे रुपयांपर्यंतच, पण त्याला उतरवता येतं. रात्रीच्या गाडीत पोलीस किंवा होमगार्ड असतो तो लेडीज डबाच निवडा, म्हणजे फलाटावर गाडी आल्यावर आधी तो कुठे बसला आहे ते बघून चढा.

तो चढलाच तर दोघी दारापाशी या, खिडकीच्या कोपऱ्यात अडकू नका. फोन लावून स्पीकरवर ठेवा, त्याला ऐकू जाऊ द्या. साखळी दोन स्थानकांच्या मध्ये ओढू नका. गाडी अंधारात रुळांवर थांबते, मदत यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ डब्यात तुम्ही आणि तोच. फलाट खिडकीतून दिसू लागला, गाडी मंदावली की ओढा. असं कारण असताना ओढलेल्या साखळीला दंड नाही. गाडी थांबली की शेवटच्या डब्यातल्या गार्डकडे पळा. त्याच्याकडे वॉकीटॉकी असतो आणि त्याने मोटरमनला घंटेचा इशारा देईपर्यंत गाडी हलत नाही.